आडवं काय आलं होतं

ब्रेक लागला आणि तिचे दोन्ही हात पुढच्या सीटच्या पाठीवर जाऊन आदळले. ते हात आधी तिला स्वतःचे वाटलेच नाहीत. करड्या कापडावर घट्ट रोवलेले दोन तळवे, फाकलेली बोटं, आणि मनगटापासून खांद्यापर्यंत गेलेली कळ. मग काहीतरी मऊ आपटल्याचा आवाज आला. आवाज आधी झाला की हात आधी दिसले, ते पुढे कितीतरी दिवस तिला नीट लावता आलं नाही. मांडी हलकी झाली होती. पहिल्यांदा कळलं ते एवढंच, आणि ते बरं वाटलं होतं. निमिषभर का होईना, पण वाटलं होतं, कारण आतापर्यंत त्या मांडीवर रडणं चाललं होतं, पाय झाडणं चाललं होतं, एक इवलीशी टाच पुन्हा पुन्हा तिच्या पोटात रुतत होती. आता काहीच नव्हतं. गाडी थांबली होती, इंजिन चालू होतं, समोरच्या काचेवर ऊन पडलं होतं. मग तिने खाली बघितलं. पुढची सीट आणि मागची सीट यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत, पायपुसण्यावर, तिची सव्वा वर्षाची मुलगी उताणी पडली होती आणि रडत नव्हती.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं. स्टिअरिंग तसंच धरून तो मागे वळला, आणि त्याचा चेहरा बघता बघता पांढरा झाला. "ती खुर्चीत नाहीये?" तो म्हणाला. "अगं, ती खुर्चीत नव्हती?"

बाळाची खुर्ची शेजारी रिकामी होती. पट्टे दोन्ही बाजूंना लोंबत होते. तिनेच थोड्या वेळापूर्वी ते सोडून मुलीला मांडीवर घेतलं होतं, पाच मिनिटांवर तर घर आलंय, असं स्वतःशी म्हणत. आणि हे तिने करावं! ज्या बाईचा सगळा दिवस सीट आणि पट्टे तपासण्यात जातो, जी शेजाऱ्यापाजाऱ्यांना गाडीबाहेर उभी करून पट्टा कसा लावायचा ते शिकवते, तिने. नवऱ्याचा प्रश्न तिला थेट तोच आरोप वाटला आणि तिने मान खाली घातली. तेवढ्यात खालून तो आवाज सुरू झाला. आधी श्वास ओढून घेतल्याचा, लांबच लांब, आता पुढे काही येणारच नाही असं वाटावं इतका लांब, आणि मग रडणं. त्या रडण्याइतकं गोड तिने आयुष्यात काही ऐकलं नव्हतं.

मुलीला घरात सगळे गोटी म्हणत. गोल, गुळगुळीत, जमिनीवर ठेवली की कुठल्या कुठे पोहोचणारी. गोटीच्या डाव्या भुवईवर टेंगूळ आलं होतं, बघता बघता लिंबाएवढं. मुलांच्या डॉक्टरणीने तिच्या डोळ्यांत उजेड टाकून बघितला, मान फिरवून बघितली, पोटावर गुदगुल्या करून हसवून बघितली. "काही नाही, घाबरलेत ते आईबाबाच जास्त," त्या म्हणाल्या. "उलटी झाली, फार झोपायला लागली, तर ताबडतोब आणा. नाहीतर पंधरा दिवसांनी एकदा दाखवून जा. कशाने झालं?"

"गाडीत ब्रेक लागला," नवरा म्हणाला. "हिच्या हातून सुटली."

ते वाक्य पुढच्या दिवसांत तिने किती वेळा ऐकलं. तो फोनवर आपल्या बहिणीला सांगे, जिन्यात भेटलेल्या शेजारणीला सांगे, आणि प्रत्येक वेळी सांगून झालं की तिच्या पाठीवर हात ठेवी. ब्रेक लागला, हिच्या हातून सुटली. त्यात रागाचा लवलेश नसे. उलट तिलाच जपून, फुंकर घालत सांगितल्यासारखं. आणि ऐकणारा प्रत्येक माणूस म्हणे, होतं हो असं, आई झाली तरी माणूसच ना. ती मान हलवी. पण पाठीवरच्या त्या हाताखाली तिचे खांदे आखडत, कारण तिला माहीत होतं की गोटी सुटली नव्हती. सुटणं वेगळं. ओला साबण सुटतो, दोरी सुटते, घट्ट धरलेलं असताना सुटतं. तिचे हात त्या वेळी गोटीवर नव्हतेच. गाडीला हिसका बसला तेव्हा हातांनी आधी काय केलं, तर जे धरलेलं होतं ते सोडलं आणि स्वतःला वाचवायला पुढे धावले. कुणी विचारलं नाही, कुणी हुकूम दिला नाही. भाजी चिरताना ती मधेच थांबून त्या हातांकडे बघे. चांगले शहाण्यासारखे काम करत असत. गोटीला आंघोळ घालत, तिची नखं कापत, तिच्या तोंडातून खडा काढत. आणि तिला वाटे, हे आपल्याबरोबर इतकी वर्षं राहतायत आणि आपण यांना ओळखतच नाही.

ती काम करायची ती शेड लांबलचक होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रूळ, रुळांवर एक लोखंडी गाडा, गाड्यावर गाडीची सीट, सीटवर माणसाचा पुतळा. गाडा वेगाने न्यायचा आणि पुढे अचानक थांबवायचा. पुतळ्याचं काय झालं ते बघायचं. वर्षभर हेच. पुतळ्यांना तिथे सगळे 'मंडळी' म्हणत. 'मंडळी बसली का?' असं विचारल्याशिवाय गाडा हलत नसे. त्यांतला सगळ्यांत मोठा, धिप्पाड पुरुषी पुतळा म्हणजे जावईबापू. त्याला चौघांनी उचलून आणायचं, नीट टेकवून बसवायचं, हात कुठे, पाय कुठे ते बघायचं, आणि एवढं करूनही त्याच्या चेहऱ्यावर समाधान म्हणून दिसायचं नाही. हसून हसून सगळ्यांची त्याच्याशी सोयरीक जमली होती. फक्त एक वर्षाच्या मुलाच्या मापाचा पुतळा होता, त्याला कुणी नाव ठेवलं नव्हतं. तिचं काम मंडळींचे सांधे कसण्याचं. पुतळ्याचा हात आडवा धरून सोडला तर तो जेमतेम तसाच राहिला पाहिजे, आणि नुसतं बोट लावलं की खाली पडला पाहिजे, इतपतच कसायचा. त्याहून सैल नको, घट्ट नको. मग चेहऱ्याला रंग लावायचा, कपाळाला लाल, नाकाला पिवळा, हनुवटीला हिरवा, म्हणजे कोण कशावर आपटलं ते डागावरून कळतं. आठ वर्षं ती हे करत होती आणि संध्याकाळी हात धुऊन घरी जात होती.

"ताई, एवढं मनाला लावून घेऊ नका," गाडा चालवणारे मामा तिला म्हणाले. मामा तिथले सर्वांत जुने, निवृत्तीला आलेले. "आपण काय रोज बघत नाही? पैलवान असता तरी धरता आलं नसतं. तिथे लिहिलंय ते काय उगाच?" त्यांनी भिंतीकडे बोट केलं. भिंतीवर मांडीवर मूल घेतलेल्या बाईचं चित्र होतं आणि खाली ठळक अक्षरांत, 'मायेची मिठी म्हणजे पट्टा नव्हे.'

ती हसली. मामांना वाईट वाटू नये म्हणून हसली. ते चित्र खरं होतं, पण टक्कर झाली तर. गाडी भिंतीवर जाऊन डोळ्याची पापणी लवायच्या आत थांबते तेव्हा मांडीवरचं लेकरू बैलाच्या ताकदीने पुढे जातं, त्याला कुणाचीही आई धरू शकत नाही. इथे टक्कर झालेली नव्हती. इथे ब्रेक लागला होता. चालती गाडी ब्रेकने थांबायला जेवढं अंतर घेते तेवढं घेऊन थांबली होती. तिने आकडा मांडला नव्हता, तो आपोआप मांडला गेला होता, डॉक्टरच्या दारात चपला काढता काढता. गोटी नऊ किलोची. कितीही जोरात ब्रेक लागला तरी तिला पुढे नेणारी ओढ सहा-सात किलोची, त्याहून जास्त नाही. म्हणजे भरलेली पिशवी दुकानातून घरी आणावी, तेवढीच. गाड्यावर वजनासाठी ठेवायच्या वाळूच्या थैल्या याहून जड असतात आणि ती त्या कमरेवर घेऊन शेडभर हिंडते. धरता आलं असतं. जगातल्या कुठल्याही बाईला धरता आलं असतं. सगळे तिला जी फुंकर घालत होते ती चुकीच्या जागी पडत होती, आणि खरी जागा दाखवायची तिची छाती नव्हती.

एका दुपारी सगळे जेवायला गेले असताना ती पुतळ्यांच्या खोलीत शिरली आणि त्या बिननावाच्या पुतळ्याला मांडीवर घेऊन खुर्चीवर बसली. त्याचं डोकं थंडगार होतं. हनुवटीवर आदल्या दिवशीचा हिरवा रंग तसाच राहिला होता. तिने त्याला दोन्ही हातांनी धरलं आणि वाट बघत बसली. कशाची ते तिलाही सांगता आलं नसतं. हात जागचे हलले नाहीत. इथे हिसका नव्हता, भीती नव्हती. इथे ते शहाणेच राहणार. दारात मामा आले होते. त्यांनी क्षणभर बघितलं आणि दार हळूच ओढून घेतलं, आजाऱ्याच्या खोलीचं ओढतात तसं.

प्रत्येक चाचणीच्या दोन फिल्म निघत. एक कॅमेरा गाड्यावरच पक्का बसवलेला, गाड्याबरोबर धावणारा. दुसरा बाजूला, जमिनीवर रोवलेला. दोन्ही फिल्म अतिशय संथ करून, शेजारी शेजारी लावून बघायच्या. गाड्यावरच्या फिल्ममध्ये सीट एका जागी स्थिर दिसते, पुतळा स्थिर बसलेला, मागची भिंत तेवढी सरकत असते. आणि मग काही कारण नसताना, कुणी हात लावलेला नसताना, पुतळा एकाएकी सीटवरून उठून पुढे झेपावतो, जणू पाठीमागून कुणी रट्टा घातला. कामावर नव्याने आलेला प्रत्येक माणूस ते बघून हमखास विचारतो, याला ढकललं कुणी? आणि मग मामा दुसऱ्या फिल्मकडे बोट करतात. तिच्यात काहीच भयंकर नसतं. गाडा, सीट, पुतळा सगळे मिळून येत असतात, मग गाडा थांबतो, सीट थांबते, आणि पुतळा आपला येत होता तसाच येत राहतो, त्याच वेगाने, त्याच दिशेने, नाकासमोर. त्याला कुणी ढकललेलं नसतं. "हा बिचारा काहीच करत नाही," मामा म्हणतात. "करतोय तो ब्रेक." हे सगळं तिला पाठ होतं. आणि तरीही डोळे मिटले की तिच्यापुढे पहिलीच फिल्म लागायची. करडी सीट, मांडीवरून झेपावणारी गोटी, आणि दोन हात. पुन्हा सुरुवातीपासून. करडी सीट, गोटी, हात.

आईचा फोन आला तेव्हा ती दोरीवरचे गोटीचे कपडे काढत होती.

"टेंगूळ उतरलं का?"

"उतरलं. आता नुसतं पिवळं दिसतंय."

"खातेय ना नीट? आणि तू? तू रडत बसू नकोस हां. तू लहान असताना मी तुला पलंगावरून पाडलं होतं, तरी झालीसच ना एवढी घोडी." आई स्वतःच हसली, मग म्हणाली, "पण काय गं, मध्ये आलं काय होतं एवढं?"

"कशाच्या मध्ये?"

"गाडीच्या. ब्रेक लागला म्हणतेस ना? मग आडवं काय आलं होतं?"

कुत्रं, सायकल, म्हातारा माणूस, चेंडू, काहीतरी जिभेवर येईल म्हणून ती थांबली. काही आलं नाही.

"आलं असेल काहीतरी, आई."

"असेल म्हणजे? विचारलं नाहीस?"

फोन ठेवल्यावर ती गोटीचं झबलं हातात घेऊन बाल्कनीत तशीच उभी राहिली. त्या दिवशीचा तो रस्ता गोदामांच्या मागचा होता. सुट्टीचा दिवस, शटर बंद, दोन्ही बाजूंना लांबच लांब भिंती. मोकळा म्हणून तर नवऱ्याने तो धरला होता. तिने स्वतःला गाडीतून उचललं आणि त्या रस्त्याच्या कडेला, फुटपाथवर नेऊन उभं केलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. लांबून एक गाडी येतेय. काचा वर आहेत, त्यामुळे आतलं रडणं ऐकू येत नाही. पुढे एक माणूस, मागे एक बाई खाली वाकलेली. गाडी जवळ येते. गाडीच्या पुढे ऊन पडलेलं आहे, रस्ता आहे, आणखी काही नाही. मागचे लाल दिवे लागतात. तिने पुन्हा लांबून गाडी येऊ दिली. पुढे ऊन, रस्ता. लाल दिवे. आणि मग एकेक गोष्ट, बोलावल्यासारखी, येऊन समोर उभी राहायला लागली. हॉर्न वाजला नव्हता. नवऱ्याला गाडी चालवताना बोलायची सवय होती. एरवी कबुतर आडवं आलं तरी तो काच खाली करून 'डोळे घरी ठेवून आलास काय रे?' असं ओरडल्याशिवाय राहत नसे. त्या दिवशी तो कुणालाही काही बोलला नव्हता. त्याने पुढे बघितलंच नव्हतं, सरळ मागे वळला होता. आणि म्हणाला होता, ती खुर्चीत नाहीये? तिने तेव्हा तो आरोप समजून गिळला. पण त्याचा चेहरा आरोप करणाऱ्याचा नव्हता. हिशेब चुकलेल्या माणसाचा होता. ब्रेक लागला. ठेच लागते, उचकी लागते, भूक लागते, तसा ब्रेक लागला. आठवडाभर ती ते वाक्य ऐकत होती आणि त्या वाक्यात माणूसच नाही हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

तो स्वयंपाकघरात गोटीला केळं भरवत होता. एक घास तिला, एकदा स्वतःचं तोंड उघडून दाखवायचं, मग एक घास तिला. या कामात तो तिच्यापेक्षा चांगला होता.

"त्या दिवशी आडवं काय आलं होतं रे?" तिने विचारलं.

"कधी?"

"गोटी पडली तेव्हा."

चमचा थांबला. गोटीने तोंड उघडंच ठेवलं होतं.

"कुत्रं," तो म्हणाला.

"कुठून आलं?"

"डावीकडून. की... आता काय आठवतंय अगं!"

"डावीकडे भिंत होती. तू त्याला शिवीपण घातली नाहीस."

गोटीने टेबलावर हात आपटला. त्याने घास तिच्या तोंडात दिला, चमचा वाटीत ठेवला, वाटी सरळ केली, पुन्हा सरळ केली.

"काही नव्हतं," तो म्हणाला.

तिला वाटलं होतं की हे ऐकल्यावर आपण ओरडू. तिने खुर्ची ओढली आणि बसली. तिच्या लक्षात आलं की केळ्याचा वास फार येतोय, सगळं घर केळ्याच्या वासाने भरून गेलंय.

"ती रडत होती," तो सांगायला लागला. "रडत होती, आणि तू तिला गप्प करत होतीस, आणि मधेच मला सांगत होतीस, हळू घे, इकडून वळ, काच लाव. डोक्यात नुसता कालवा झाला होता. वाटलं, एकदा जोरात ब्रेक मारला की दचकून गप्प बसेल."

"कोण?"

"अं?"

"कोण गप्प बसेल? गोटी की मी?"

त्याने वाटी बाजूला सारली. मग एकदम आवाज चढवून म्हणाला, "मला काय माहीत तू तिला खुर्चीतून काढलंयस? पट्ट्यात असती तर केसालाही धक्का लागला नसता! तूच सांग, लागला असता?"

नसता लागला. हे तिच्याहून चांगलं कुणाला माहीत? तो खोटं बोलत नव्हता. आणि का कोण जाणे, कदाचित तो खरं बोलला म्हणून, कदाचित इतके दिवस घशात अडकलेलं बाहेर पडायला दुसरी वेळ मिळणार नाही म्हणून, तिनेही सांगून टाकलं. "ती माझ्या हातून सुटली नाही. मी सोडली. हात पुढे टेकायला म्हणून सोडली. धरता आली असती."

त्याने मान वर केली. आणि तिने ते बघितलं. त्याच्या कपाळावरची आठी सैल झाली, खांदे खाली आले, त्याने श्वास सोडला. हायसं वाटलं होतं त्याला. "म्हणजे दोघांचंही चुकलं," तो म्हणाला, जवळजवळ प्रेमाने, आणि टेबलावरून हात पुढे करून तिच्या हातावर ठेवला. "जाऊ दे. झालं गेलं."

फिट्टंफाट. तो शब्द तो बोलला नाही, पण तिला स्पष्ट ऐकू आला, पोरं खेळात म्हणतात तसा. त्याचा हात गरम होता, केळ्याने चिकट झालेला. तिने आपला हात काढून घेतला नाही, कारण तो आपला आहे हेच तिला जाणवत नव्हतं. ती दुसरीकडे होती. ती मागच्या सगळ्या प्रवासांतून मागे मागे जात होती. त्याच्या मित्राच्या घरून येतानाचा रस्ता. 'सगळ्यांच्या देखत माझ्याशी असं बोलू नकोस,' असं ती म्हणत होती, आणि ब्रेक लागला होता, पर्स खाली पडली होती, कंगवा, किल्ल्या, सुटे पैसे सीटखाली घरंगळले होते. ते गोळा करून वर बघेपर्यंत विषय कुठल्या कुठे गेला होता. गोटी पोटात असताना एकदा. ती नावं सुचवत होती आणि तो नको म्हणत होता आणि ती पुन्हा सुचवत होती. पट्टा ओटीपोटात रुतला होता. 'काय झालं?' 'कुत्रं.' तिने मागच्या काचेतून बघितलं होतं, कुत्रं नव्हतं, आणि तिला वाटलं होतं, बरं झालं, वाचलं बिचारं. त्या कुत्र्यासाठी तिला आनंद झाला होता! तिला आता त्या आनंदाची लाज वाटली. ती नेहमी आत असायची. आत बसलेल्या माणसाला फक्त हिसका कळतो, आणि ती प्रत्येक हिसक्यानंतर समजून चालली होती की बाहेर, रस्त्यावर, काहीतरी असणार. रस्ता त्याने बघायचा होता. ते वाटून घेतलेलं काम होतं.

"मी आईकडे जाते काही दिवस," ती म्हणाली.

"आता काय झालं?" तो म्हणाला. त्याला खरोखरच कळलं नव्हतं.

आई एकटी राहायची आणि लोकांचे कपडे उसवून-शिवून, ढिले-घट्ट करून द्यायची. ती गोटीला घेऊन पोहोचली तेव्हा शिवणाचं मशीन चालू होतं. गोटीला चिंध्यांच्या टोपलीत बसवून तिने आईला सगळं सांगितलं, हातांचंही आणि ब्रेकचंही. आई मशीन चालवतच ऐकत होती. पाय हलत होते, शिवण सरळ जात होती. ब्रेकचं आलं तेव्हा पाय थांबले. आई आश्चर्याने काही बोलेल, निदान 'अगंबाई' म्हणेल म्हणून ती वाट बघत राहिली. आईने दाताने दोरा तोडला.

"माझं डोळ्याचं ऑपरेशन झालं, तुम्ही मला घरी आणलंत," आई म्हणाली. "मी पुढे बसले होते. आठवतं?"

"हो."

"मी बोलत होते. शेजारच्या खाटेवरच्या बाईचं, तिच्या सुनांचं. फारच बोलत होते मी. तर ब्रेक लागला, आणि माझा काळा चष्मा निघून खाली पडला." आईने कापड उलटं केलं, शिवणीवरून नख फिरवलं. "नवा डोळा, सगळं लख्ख दिसत होतं. समोर काही नव्हतं."

तिला काही क्षण हे वाक्य कळलंच नाही. मग तिने आईच्या तोंडाकडे बघितलं, त्या नव्या डोळ्याकडे, आणि आईने तो शिवणीवर खिळवून ठेवला.

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? जावई ब्रेक फार जोरात मारतो म्हणून? मला वाटलं, मला कुठे गाडीतलं कळतं. पायाला सवय असेल." आई थांबली. "आणि मी गप्प बसले. घर येईपर्यंत बसले. आताही त्याच्या गाडीत मी बोलत नाही, तुझ्या लक्षात आलंय का?"

आलं नव्हतं. आई म्हातारी होत चाललीय, शांत होत चाललीय, असं तिला वाटलं होतं. तिने हे नवऱ्याला कौतुकाने सांगितलंही होतं. टोपलीत गोटीने एक लांब निळी चिंधी डोक्यावर घेतली होती आणि कुणी बघतंय का ते बघत होती. दोघींपैकी कुणीच बघत नव्हतं. आईने मशीन पुन्हा सुरू केलं. त्या रात्री, दुसऱ्या दिवशी, त्यानंतरही, ती आतल्या आत आदळत राहिली, कधी हातांवर, कधी ब्रेकवर. कधी वाटे, ब्रेक त्याचा, मग आपले हात निर्दोष. आणि लगेच वाटे, नाही. ब्रेक त्याचा होता आणि हातही आपले होते. एकाने दुसऱ्याचं काही वजा होत नव्हतं. दोन्ही फिल्म खऱ्या होत्या. शेडमध्ये तिने मामांना एवढंच विचारलं की निवृत्त झाल्यावर काय करणार. मामा म्हणाले, "नुसता बसून राहणार आहे, ताई. न हलणाऱ्या खुर्चीत."

डॉक्टरकडे पुन्हा दाखवायचा दिवस आला तेव्हा नवरा गाडी घेऊन आईच्या घरापाशी आला. फोनवर तो रोज बोलला होता. आधी चिडून, मग समजावून, मग नुसताच गोटीला फोन कानाला लावायला सांगून. आता तो दाढी करून आला होता आणि हनुवटीला कापलं होतं. त्याने गोटीला उचलून घेतलं, तिचं कपाळ बघितलं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खोटं नव्हतं. ते खोटं असतं तर किती सोपं झालं असतं. तिने गोटीला त्याच्याकडून घेतलं, मागे खुर्चीत बसवलं, पट्टे लावले, दोन बोटं घालून कसले, पुन्हा ओढून बघितले. गोटी रडायला लागली. मग ती वळसा घालून चालवणाऱ्याच्या बाजूला आली आणि दारापाशी उभी राहिली. तो आत बसला होता. त्याने काच खाली केली.

"काय?"

"सरक," ती म्हणाली.

"तू चालवणार? लायसन्स काढल्यापासून कितीदा चालवलीयस तू?"

ती उभीच राहिली. मागे गोटीचं रडणं चढत होतं. तो उतरला, गाडीच्या पुढून जाऊन पलीकडच्या सीटवर बसला आणि पट्टा लावला. तिने सीट पुढे ओढली, आरसा खाली केला. आरशात गोटीचं लाल तोंड दिसलं, उघडं, दोन दात.

सुरुवातीला गाडीने आचके खाल्ले, मग ती चालायला लागली. रस्ता एवढा रुंद असतो हे तिला माहीत नव्हतं. बाजूने बघितलेला रस्ता वेगळा आणि समोरून अंगावर येणारा वेगळा. प्रत्येक माणूस, प्रत्येक खांब, उभी असलेली प्रत्येक गाडी तिलाच काहीतरी विचारत होती. गोटी रडत होती. रडण्याने डोकं भरून गेलं, कानशिलं ठणकायला लागली, आणि तिला अगदी आतून, पोटातून कळलं की त्याला तेव्हा काय वाटलं असेल. पाय तिथेच होता, ब्रेकपाशी. नुसता दाबायचा. हे कळलं म्हणून तिला त्याची दया आली नाही. ती आणखीच हादरली, कारण ते इतकं सोपं होतं. तिने स्टिअरिंग घट्ट धरलं. चौक आला, गेला. तिची नजर ओझरती खाली गेली तेव्हा तिला त्याचे पाय दिसले. उजवा पाय पुढे सरकला होता आणि चौक येईल तसा, वळण येईल तसा, रिकाम्या जागेवर दाबला जात होता. बूट जमिनीत रुतत होता. तिथे काहीच नव्हतं. तो ओठ घट्ट मिटून, दोन्ही हात मांड्यांवर ठेवून बसला होता, आणि बूट दाबत होता.

बाजारापाशी एक माणूस दोन्ही हातांत पिशव्या घेऊन, इकडे तिकडे न बघता, फुटपाथवरून खाली उतरला. तिने ब्रेक दाबला. नवखा पाय, हवा त्याहून जोरात पडला. गाडी थांबली. नवऱ्याचे दोन्ही हात पुढे झेपावले आणि काचेखालच्या फळीवर जाऊन आदळले, बोटं फाकलेली. मागे गोटी पट्ट्यात पुढे झाली आणि परत मागे टेकली, आणि दचकून गप्प बसली.

पिशव्यावाला त्यांच्याकडे रागाने बघत गाडीसमोरून पलीकडे गेला. नवऱ्याचे हात अजून तिथेच होते. तो त्यांच्याकडे बघत होता. मग त्याने तिच्याकडे बघितलं.

"माणूस होता," ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला. "दिसला मला."

मागची गाडी हॉर्न वाजवायला लागली होती. तिने पाय उचलला.